बोटांची मोजणी गेटपाशी का थांबते?

कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याला एक तक्ता जोडलेला आहे. शरीराचा कोणता भाग गेला की कमाईची क्षमता किती टक्के घटली असे धरायचे, याचा तो हिशेब. अंगठा पूर्ण गेला तर ३० टक्के. तर्जनी मुळापासून गेली तर १४, तिची दोन पेरे गेली तर ११, एक पेर गेले तर ९. हाड शाबूत राहून नुसते टोक उडाले तर ५. मधले बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. एका हाताची चारही बोटे गेली तर ५०. कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजे कामगारांच्या तोंडी असलेल्या ईएसआयमध्येही, हाच हिशेब चालतो. महिना पंधरा हजार पगाराच्या ऑपरेटरची तर्जनी गेली तर पगाराच्या ९० टक्क्यांचे १४ टक्के, म्हणजे महिन्याला साधारण १,८९० रुपये त्याला आयुष्यभर मिळतात. अर्थात विम्याची नोंदणी झालेली असेल, अपघाताचा अहवाल वेळेत गेला असेल आणि वैद्यकीय मंडळाने टक्केवारी मान्य केली असेल, तर.

कारखान्यांतल्या सुरक्षेची चर्चा आपल्याकडे बहुधा स्फोटांपासून सुरू होते, आणि ते स्वाभाविक आहे. डोंबिवलीत २६ मे २०१६ ला प्रोबेस कंपनीत स्फोट झाला, आठ वर्षांनी २३ मे २०२४ ला त्याच औद्योगिक वसाहतीत अमुदान केमिकल्समध्ये झाला. मुळशी तालुक्यात उरवड्याला ७ जून २०२१ च्या आगीत १७ कामगार गेले आणि त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. तळवड्यात ८ डिसेंबर २०२३ ला वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाज्या बनवणाऱ्या एका शेडमध्ये आग लागली, तिथेही मेलेल्यांत स्त्रियाच जास्त. अशा घटनेनंतर मंत्री येतात, मदत जाहीर होते, चौकशी समिती बसते. बोट मात्र एकट्याचे जाते. त्याची बातमी होत नाही. भोसरी, चाकण, तळवडे, कुदळवाडी या पट्ट्यात अशी बोटे रोजच्या रोज जातात, आणि ती ज्या सुट्या भागांसाठी जातात ते भाग देशातल्या नामवंत कंपन्यांच्या मोटारींत, ट्रकांत आणि दुचाकींत बसतात.

मोठ्या उत्पादक कंपनीतील सुरक्षा आणि आरोग्य हा विषय एकंदरीत पाहिला की एक गोष्ट ठळकपणे समोर येते. मोठ्या कंपन्यांनी गेल्या तीस-चाळीस वर्षांत स्वतःच्या आवारातली सुरक्षा खरोखरच सुधारली. त्याच काळात धोक्याचे बरेचसे काम आवाराबाहेर, पुरवठादारांच्या आणि त्यांच्याही पुरवठादारांच्या शेडमध्ये गेले. मोजणी मात्र आवारातच राहिली. गेटवरचा ‘अपघाताविना इतके दिवस’ हा फलक खोटा नसतो, पण तो अपुरा असतो. हा अपुरेपणा दूर कसा करायचा, हाच आज या क्षेत्रातला मुख्य प्रश्न आहे असे मला वाटते.

आधी आवाराच्या आत पाहू. चांगल्या वाहन कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये आज माणसाचा हात डायच्या जवळ जातच नाही. पत्रा यंत्रच उचलते, यंत्रच पुढच्या प्रेसला देते. सगळ्या लाइनभोवती जाळीचे कुंपण असते आणि कुंपणाचे दार उघडले की लाइन थांबते. देखभालीला आत जाणारा प्रत्येक जण वीजपुरवठ्याच्या स्विचला स्वतःचे कुलूप लावतो आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो. पाच जण आत असतील तर पाच कुलपे, आणि पाचही निघाल्याशिवाय कोणालाही यंत्र चालू करता येत नाही. फोर्कलिफ्टचा रस्ता वेगळा, चालण्याची पिवळी पट्टी वेगळी. टाकीत उतरायचे असेल, उंचावर चढायचे असेल, वेल्डिंग करायचे असेल तर आधी सहीचा परवाना. थोडक्यात हुकलेल्या अपघाताचीही नोंद होते, आणि ती करणाऱ्याला शाबासकी मिळते.

यामागचे शास्त्र साधे आहे. धोका शक्यतो समूळ काढून टाकायचा. ते जमत नसेल तर कमी धोक्याची वस्तू किंवा पद्धत वापरायची. तेही जमत नसेल तर यंत्रालाच अशी आडकाठी घालायची की चुकूनही हात आत जाऊ नये. त्यानंतर नियम, सूचना, प्रशिक्षण. आणि सगळ्यात शेवटी हेल्मेट, बूट, हातमोजे. आपल्या बहुसंख्य लहान कारखान्यांत हा क्रम उलटा चालतो. सुरुवात हातमोज्यापासून होते आणि बहुधा तिथेच संपते. हातमोजा तर कधी कधी घातच करतो. फिरत्या ड्रिलजवळ किंवा लेथवर सैल हातमोजा घातला तर फिरता भाग तो ओढून घेतो आणि त्याच्याबरोबर हातही.

आता एखाद्या लहान प्रेस शॉपमध्ये जाऊ. पत्र्याची शेड, आत ३० टनांपासून १०० टनांपर्यंतच्या पाच-सहा प्रेस. ऑपरेटर स्टुलावर बसलेला. डाव्या हाताने पत्र्याचा तुकडा डायमध्ये ठेवायचा, पायाने पायडल दाबायचे, वरचा भाग खाली येतो, जॉब तयार होतो, उजव्या हाताने तो काढून बाजूच्या क्रेटमध्ये टाकायचा. एका पाळीत हे काही हजार वेळा. हात आणि पाय यांचा मेळ शरीराला इतका सवयीचा होतो की ऑपरेटर ते मोजतही नाही. त्या काही हजार वेळांपैकी एकदा जॉब डायला चिकटतो. चिमट्याने काढायचा असा नियम असतो, पण चिमट्याला वेळ लागतो आणि टार्गेट तासावर लावलेले असते. म्हणून हात आत जातो, आणि तेवढ्यात पाय सवयीने खाली येतो.

यात एक तांत्रिक बाब आहे आणि सगळा प्रश्न तिच्यात साठलेला आहे. जुन्या यांत्रिक प्रेसमध्ये जड चाक सतत फिरत असते. पायडल दाबले की क्लचची खीळ त्या चाकात अडकते आणि एक पूर्ण फेरा होऊनच सुटते. एकदा अडकलेली खीळ मध्येच सोडवता येत नाही. म्हणजे ऑपरेटरने डोळ्यांनी पाहिले की हात आत राहिला, तरी प्रेस थांबत नाही. अशा प्रेसवर प्रकाशकिरणांचा पडदा, ज्याला कारखान्यात ‘सेन्सर’ म्हणतात, तो लावूनही उपयोग नाही. सेन्सर इशारा देईल, पण प्रेसला तो ऐकताच येणार नाही. सेन्सरचा उपयोग व्हायचा तर हवेच्या दाबावर चालणारा घर्षण-क्लच आणि ब्रेक हवा, म्हणजे प्रेस बदलावी लागते किंवा बराच खर्च करून सुधारावी लागते. शिवाय खिळीची स्प्रिंग झिजली किंवा तुटली की एकदा पायडल दाबूनही प्रेस दोनदा खाली येते. ‘प्रेस डबल आली’ असे कामगार सांगतात तेव्हा बरेच मालक ते बहाणा समजतात. तो बहाणा नसतो, ते देखभाल न केल्याचे लक्षण असते.

दोन्ही हातांनी दोन बटणे एकदम दाबल्याशिवाय प्रेस चालणार नाही, ही सोय तुलनेने स्वस्त आहे. पण तिने कामाचा वेग घटतो. म्हणून एक बटण कायमचे दाबून ठेवण्याच्या युक्त्या निघतात, कधी ऑपरेटरच्या, बहुतेक वेळा सुपरवायझरच्या संमतीने. त्यात पाळी बारा तासांची. पिंपरी-भोसरी पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. ऑर्डर अंगावर आली की तीही जाते. डाय सेट करणारा जाणकार माणूस रजेवर गेला की हेल्परला प्रेसवर बसवले जाते. हे सगळे समोर असताना अपघाताच्या अहवालात कारण म्हणून ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ लिहिणे हा अन्याय आहे. पायडल, खीळ, टार्गेट आणि बारावा तास यांनी मिळून घडवलेली गोष्ट त्या एका शब्दाने त्याच्या माथी मारली जाते.

गुरगाव-मानेसर भागात काम सुरू करून पुढे पुणे पट्ट्यातही आलेली ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था वाहन उद्योगातल्या जखमी कामगारांना ईएसआयचे हक्क मिळवून देते आणि २०१९ पासून त्यांच्या अनुभवांचे अहवाल काढते. त्या अहवालांचे नावच इंग्रजीत ‘चिरडलेले’ अशा अर्थाचे आहे. त्यांच्याकडे येणाऱ्या जखमींमध्ये सर्वाधिक अपघात पॉवर प्रेसवरचे, बोटे गेलेल्यांची सरासरी एका माणसामागे जवळजवळ दोन बोटांची, आणि त्यांतले बहुसंख्य तरुण, कमी शिकलेले, परप्रांतातून आलेले. आणखी एक निरीक्षण त्यांनी वारंवार नोंदवले आहे आणि ते फार बोलके आहे. अनेकांना ईएसआयचे कार्ड अपघातानंतरच मिळते. म्हणजे बोट जाईपर्यंत तो माणूस कागदावर त्या कारखान्यात नव्हताच. मोजणीचा प्रश्न इथपासून सुरू होतो.

देशपातळीवरचे आकडे पाहिले तर हे आणखी स्पष्ट होते. कारखान्यांतल्या अपघातांची राज्यांकडून येणारी माहिती जी केंद्रीय यंत्रणा एकत्र करते, तिचे मुख्यालय मुंबईतच, शीवला आहे. तिच्या माहितीनुसार २०१७ ते २०२० या काळात नोंदणीकृत कारखान्यांत दरवर्षी सरासरी १,१०९ कामगार मृत्यू पावले आणि चार हजारांहून थोडे अधिक जखमी झाले. मृत्यूंचा आकडा भयंकर आहेच, दिवसाला तीन माणसे. पण दुसरा आकडा अधिक नीट वाचायला हवा. एका मृत्यूमागे फक्त चार जखमी? ब्रिटनमध्ये २०२२-२३ या वर्षात सर्व क्षेत्रे मिळून १३५ कामगार कामावर मरण पावले आणि मालकांनी कळवलेल्या जखमी कर्मचाऱ्यांची संख्या ६० हजारांहून जास्त होती, म्हणजे एका मृत्यूमागे साडेचारशेच्या आसपास. दोन्ही देशांच्या मोजणीची व्याप्ती वेगळी, त्यामुळे मृत्यूंची थेट तुलना करता येणार नाही. पण एकास चार आणि एकास साडेचारशे हा फरक व्याप्तीने पडलेला नाही. आपल्याकडचे कामगार एकतर मरतात किंवा धडधाकट राहतात असे तर नाही ना? मृत्यू लपवता येत नाही. पंचनामा होतो, गाव येते, पोलीस येतात. बोट लपवता येते. जखमीला जवळच्या खाजगी दवाखान्यात नेतात, पट्टी बांधतात, काही हजार हातात ठेवून गावी पाठवतात. १९४८ च्या कारखाने कायद्यानेही ४८ तास किंवा जास्त काळ कामावर येऊ न शकणाऱ्या जखमीची सूचना देणे बंधनकारक केले होते. गेलेले बोट ४८ तासांत परत येत नाही, तरी नोंद होत नाही.

आणि ज्याची नोंद नाही त्याच्यावर ना तपासणी होते, ना दंड, ना सुधारणा. निरीक्षक आधीच थोडे. गेल्या दशकात स्वयंप्रमाणपत्रांच्या योजना आल्या आणि कोणता कारखाना तपासायचा हे बरेचसे संगणकावर ठरू लागले. धोक्यानुसार तपासणी करायची हे तत्त्व म्हणून चुकीचे नाही. मात्र धोका कुठे आहे हे ज्या माहितीवरून ठरणार, तीच माहिती मालकाने द्यायची आणि मालकानेच दडवायची, अशी स्थिती असेल तर ते तत्त्व लंगडे पडते.

ही जबाबदारी कोणाची, हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. मुंबईच्या गिरण्यांवरून १८८१ चा पहिला कारखाने कायदा आला, आणि तो बहुतांशी मुलांपुरताच होता. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवले. साप्ताहिक सुट्टी, दुपारची विश्रांती, वेळेवर पगार आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत वेतन, या त्यातल्या मागण्या. शेवटची मागणी आजच्या प्रेस शॉपलाही जशीच्या तशी लागू पडते. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. आठवड्याला ४८ तासांची मर्यादा बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते त्या काळात पुढे रेटली गेली आणि १९४६ मध्ये कायद्यात आली.

भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये, कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियांवर स्वतंत्र प्रकरण आले, कामगारांना आपल्या कामातल्या धोक्यांची माहिती मिळण्याचा हक्क आला, आणि ‘भोगवटादार’ म्हणजे कारखान्यासाठी शेवटी जबाबदार कोण, याची व्याख्या घट्ट केली गेली. कंपनी असेल तर तिच्या संचालकांपैकीच एक. कंपन्यांनी याला आव्हान दिले. एखादा अधिकारी नेमून त्याला भोगवटादार म्हणू द्या, अशी त्यांची मागणी होती. १९९६ मध्ये जे. के. इंडस्ट्रीजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. जबाबदारी संचालकांच्या टेबलापर्यंत नेणारा तो निकाल फार महत्त्वाचा होता. पण त्याची मर्यादाही तिथेच आहे. चाकणच्या शेडचा भोगवटादार त्या शेडचा मालक. त्याच्याकडून भाग विकत घेणारी मोठी कंपनी कायद्याच्या दृष्टीने केवळ गिऱ्हाईक.

गेटच्या आतही मोजणीला पडलेली भोके आहेत. संघटित उत्पादन क्षेत्रात कंत्राटी कामगारांचा वाटा २००० च्या सुमारास एक पंचमांश होता. उद्योगांच्या वार्षिक सरकारी पाहणीनुसार २०२२-२३ मध्ये तो ४० टक्क्यांच्या पुढे गेला. त्याखेरीज अप्रेंटिस, ट्रेनी, ‘कमवा आणि शिका’वाले. एकाच लाइनवर चार रंगांचे गणवेश दिसतात आणि प्रत्येक रंगाला वेगळा पगार, वेगळे कँटीन, कधी वेगळा दवाखाना. सुरक्षेचे प्रशिक्षण मात्र सगळ्यांत कमी त्याला मिळते, ज्याला सगळ्यांत अवघड जागी पाठवले जाते. टाकी साफ करणारा, छतावर चढणारा, भट्टीजवळ राबणारा बहुतेक वेळा ठेकेदाराचा माणूस असतो. काम सहा-सात महिन्यांचे असले की तो यंत्राची खोड ओळखू लागतो तेवढ्यात त्याला नोकरीत ब्रेक दिला जातो आणि दुसरा नवा येतो. अनुभव साठूच न देणारी ही पद्धत स्वतःच एक धोका आहे, आणि कुठल्याही धोक्यांच्या यादीत तिचे नाव मी पाहिलेले नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीची नवी संहिता अमलात आली. तिच्यात घेण्यासारखे काही आहे. सुरक्षा अधिकारी पूर्वी हजार कामगारांच्या कारखान्याला बंधनकारक होता, आता पाचशेच्या, आणि धोकादायक प्रक्रिया असेल तर अडीचशेच्या. नियम मोडल्याने मृत्यू झाला तर दंड किमान पाच लाख, आणि त्यातली निम्मी किंवा अधिक रक्कम वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. जुन्या कायद्यात ही किमान रक्कम २५ हजार होती. नेमणूकपत्र प्रत्येकाला देणे बंधनकारक झाले. हे खरेच पाळले गेले तर ‘अपघातानंतर कार्ड’ हा प्रकार बंद होऊ शकतो. पण त्याच संहितेने विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या दहा कामगारांवरून वीस कामगारांवर नेली. पॉवर प्रेसची शेड बारा-पंधरा जणांचीच असते. तिला संहितेतली मालकाची सर्वसाधारण कर्तव्ये लागू राहतील, पण ‘कारखाना’ म्हणून असलेल्या तरतुदींतून ती निसटेल. ज्या जागी बोटे जातात नेमकी तीच जागा पातळ केली गेली, हे मला या संहितेचे सगळ्यांत मोठे वैगुण्य वाटते. त्यात महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये दिवसाच्या कामाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर आणि तीन महिन्यांतल्या जादा कामाची ११५ वरून १४४ तासांवर नेण्याला मंजुरी दिली. बारावा तास अनेक शेडमध्ये आधीपासून होताच. आता त्याला कायद्याचा आधार मिळेल.

आरोग्याची बाजू सुरक्षेहून जास्त दुर्लक्षित आहे, कारण तिथे रक्त दिसत नाही. कोल्हापूरच्या शिरोली-गोकुळ शिरगाव पट्ट्यातल्या फाउंड्रींमध्ये साच्याची वाळू फोडताना उडणारी बारीक सिलिका फुफ्फुसात बसते. सिलिकोसिस झाला की तो बरा होत नाही, आणि क्षयाचा धोका वाढवतो. कामगाराला मात्र क्षयाचीच औषधे मिळत राहतात, कारण ‘तुम्ही काम काय करता?’ हा प्रश्न दवाखान्यात क्वचितच विचारला जातो. कायद्यातल्या परिशिष्टात कळवण्याजोगे २९ व्यवसायजन्य आजार आहेत, सिलिकोसिस त्यांत आहे, आवाजाने येणारा बहिरेपणाही आहे, तरी कारखान्यांकडून होणारी नोंद नगण्य.

आवाजाचेच पाहा. आपल्या नियमांत आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे आणि आवाज वाढेल तसे तास घटतात, ९५ ला चार, १०० ला दोन. युरोपात ८० डेसिबलपासूनच मालकाची कर्तव्ये सुरू होतात. प्रेस शॉपमध्ये शेजारच्या माणसाशी बोलायला कानाशी तोंड न्यावे लागते. बहिरेपणा येतो तो आधी उंच स्वरांचा. फोनची घंटा, लहान मुलांचा आवाज, सासूचे दुसऱ्या खोलीतून बोलणे. घरचे म्हणतात, लक्षच नाही यांचे. कानाची तपासणी नोकरी लागताना झाली असती आणि दरवर्षी झाली असती, तर हे दोन-तीन वर्षांत पकडले गेले असते. नव्या व्यवस्थेत चाळिशी ओलांडलेल्यांची मोफत वार्षिक तपासणी ठरली आहे. विशीत प्रेसवर बसलेल्या मुलाला ती फार उशिरा मिळणार. १९९५ मध्ये अॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि नोकरी सुटल्यानंतरही वैद्यकीय नोंदी दीर्घकाळ जपायला सांगितले. नोकरी सुटल्यानंतर आजार उगवतो, हे त्या निकालाने ओळखले होते. सहा महिन्यांच्या कंत्राटावर फिरणाऱ्या माणसाच्या नोंदी कोण जपणार, याचे उत्तर अजून कोणीच दिलेले नाही.

मोठ्या कंपनीने मनावर घेतले तर काय घडू शकते, याचे सगळ्यांत अभ्यासले गेलेले उदाहरण अमेरिकेतल्या अल्कोआ या अॅल्युमिनियम कंपनीचे. १९८७ मध्ये पॉल ओनील तिचे प्रमुख झाले आणि पहिल्याच भाषणात गुंतवणूकदारांना नफ्याऐवजी कामगारांच्या सुरक्षेविषयी सांगू लागले. कोठेही कोणीही जखमी झाले तर २४ तासांत त्या विभागाच्या प्रमुखाने स्वतः ओनील यांना कळवायचे आणि पुन्हा तसे होणार नाही यासाठी काय करणार तेही सांगायचे, असा दंडक त्यांनी घातला. चोवीस तासांत वरपर्यंत कळवायचे म्हणजे खालचा ऑपरेटर आणि फोरमन यांच्याशी रोजचे बोलणे हवे. त्यातून यंत्रे सुधारली, दर्जा सुधारला, नफाही वाढला. कामाचे दिवस बुडवणाऱ्या इजांचे प्रमाण शंभर कामगारांमागे १.८६ होते, ते ०.२ च्या आसपास आले.

पण त्याच कंपनीत १९९६ मध्ये घडलेली गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. भागधारकांच्या सभेत एक कॅथलिक सिस्टर उभ्या राहिल्या आणि कंपनीच्या मेक्सिकोतल्या एका कारखान्यात विषारी वायूने कामगार आजारी पडल्याचे त्यांनी सांगितले. ओनील यांच्यापर्यंत ती माहिती आलेली नव्हती. चौकशी केली तेव्हा ती खरी निघाली, आणि खाली सुधारणा झाली असूनही वर न कळवल्याबद्दल त्यांनी एका वरिष्ठ अधिकाऱ्याला, उत्तम नफा मिळवून देणाऱ्या अधिकाऱ्याला, कामावरून काढले. जगातल्या सर्वोत्तम सुरक्षा-व्यवस्थेची मोजणीही सीमेपलीकडच्या कारखान्यात तोकडी पडली होती. बाहेरच्या कोणी बोलले म्हणून ते दिसले.

बाहेरून बोलण्याची व्यवस्था कायमची करण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न बांगलादेशात झाला. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळची राणा प्लाझा कोसळून अकराशेहून अधिक माणसे गेली. त्यानंतर दोनशेहून अधिक वस्त्रकंपन्यांनी कामगार संघटनांशी कायदेशीर बंधन असलेला करार केला. स्वतंत्र अभियंते कारखाने तपासणार, प्रत्येक कारखान्याचा अहवाल सर्वांना पाहता येईल असा प्रसिद्ध होणार, दुरुस्ती न करणाऱ्याकडून माल घ्यायचा नाही आणि दुरुस्तीचा खर्च परवडेल याची काळजी ब्रँडने घ्यायची. गिऱ्हाईक ‘केवळ गिऱ्हाईक’ राहिले नाही. वाहन उद्योगात असा करार आपल्याकडे नाही. जर्मनीचा पुरवठासाखळी कायदा १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला आणि चाकणला मोठे कारखाने असलेल्या जर्मन कंपन्यांना पुरवठादारांकडच्या कामगारांच्या स्थितीची जबाबदारी काही अंशी घ्यावी लागली. पण तो कायदा आणि युरोपचा तसाच व्यापक नियम सौम्य करण्याच्या हालचाली तिकडे सुरू आहेत. परदेशी संसदेच्या इच्छेवर भोसरीतली बोटे किती काळ सोडायची?

आपल्याकडे एक साधन आधीच आहे आणि ते पुरेसे वापरले जात नाही. शेअर बाजारात नोंदलेल्या सर्वांत मोठ्या हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबीच्या नमुन्यात सामाजिक जबाबदारीचा अहवाल द्यावा लागतो. त्यात दहा लाख तासांमागे किती इजांमुळे काम बुडाले हे कर्मचारी आणि कामगार यांच्यासाठी वेगवेगळे लिहायचे असते. पुरवठादारांपैकी किती टक्क्यांची आरोग्य आणि सुरक्षेच्या दृष्टीने तपासणी केली, असाही एक प्रश्न आहे. बऱ्याच अहवालांत त्याच्यापुढे एक टक्केवारी आणि दोन गुळगुळीत वाक्ये असतात. तपासणी केली म्हणजे काय केले, किती प्रेसना घर्षण-क्लच आहे, गेल्या वर्षी किती बोटे गेली, हे विचारलेलेच नाही. मूल्यानुसार मोठे पुरवठादार तपासले की टक्केवारी चांगली दिसते. ज्याच्याकडे ब्रॅकेट आणि क्लिपा बनतात तो तिसऱ्या पायरीवरचा शेडमालक त्या टक्केवारीत येत नाही.

शेडमालकाची बाजूही ऐकायला हवी. त्याला दरवर्षी भागाचा दर कमी करून मागितला जातो. माल वेळेवर नाही पोचला तर दंड पडतो. एक जुनी प्रेस सुधारायला लागणारा पैसा त्याच्या दरात कुठेच धरलेला नाही. मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागाकडे त्या भागाचा सगळा खर्च पैशा-पैशापर्यंत मांडलेला असतो, पत्रा किती, भंगार किती, मजुरी किती, वाहतूक किती. त्यात सुरक्षित प्रेसचा रकाना घालणे अवघड नाही. दर्जासाठी हेच केले गेले. तीस वर्षांपूर्वी मापात चूक असलेले भाग शेडमधून सर्रास यायचे, आज ते येत नाहीत, कारण खरेदीदाराने पुरवठादाराकडे जाऊन बसून त्याला शिकवले आणि चुकीचा माल परत पाठवला.

आणि माहिती नाही, ही सबबही खरी नाही. अपघात झाला की मालकाने ईएसआयला अहवाल द्यायचा असतो. मोहननगर किंवा बिबवेवाडीच्या कामगार रुग्णालयात बोटावर शस्त्रक्रिया होते तेव्हा त्या माणसाच्या विमा क्रमांकाबरोबर मालकाचा क्रमांकही नोंदलेला असतो, आणि पुढे वैद्यकीय मंडळ तर्जनीचे १४ टक्के ठरवते तेव्हा तोही आकडा त्याच नोंदीत जातो. कामगारांची नावे वगळून मालकनिहाय ही यादी दरवर्षी प्रसिद्ध करायची आणि मोठ्या कंपन्यांनी आपल्या पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या पायरीवरच्या पुरवठादारांच्या याद्या प्रसिद्ध करायच्या. पहिले केंद्राच्या श्रम मंत्रालयाच्या हातात आहे, दुसरे सेबीच्या. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की कोणत्या गाडीतल्या कोणत्या ब्रॅकेटमागे किती पेरे गेली, ते कोणालाही मोजता येईल.